विश्लेषण : दुचाकीचा हेडलाइट मिणमिणता का? बल्ब बदलावा, एलईडी टाकावी की वायरिंग दुरुस्त करावे?

दिवस लहान होतात, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्यातल्या अनेकांच्या मागे ना लाल दिवा असतो, ना रिफ्लेक्टर. अशा वेळी रात्रपाळी संपवून एमआयडीसीतून गावाकडे निघालेल्या दुचाकीस्वाराला पहिल्यांदा जाणवते ते हेडलाइटचे अपुरेपण. गॅरेजमध्ये गेल्यावर दोनच उत्तरे मिळतात. एक, ‘शंभर-नव्वदचा बल्ब टाका’. दुसरे, ‘एलईडी टाकून मोकळे व्हा’. पहिल्या उपायात होल्डर वितळण्याची भीती असते, तर दुसऱ्यात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपण्याची. मूळ दोष मात्र बऱ्याचदा बल्बमध्ये नसतोच. तो बॅटरीपासून बल्बपर्यंतच्या दोन-तीन मीटर तारेत दडलेला असतो.

किती उजेड लागतो?

ताशी ६० किमी वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे सरकते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने गाडी थांबायला आणखी २३-२५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ५० मीटरच्या आसपास. ओल्या रस्त्यावर हेच अंतर ६० मीटरच्या घरात जाते. ताशी ८० किमी वेग असेल तर कोरड्या रस्त्यावरही ७० मीटरहून अधिक. डिपरच्या उजेडात गडद रंगाची, दिवा नसलेली वस्तू ४०-५० मीटरच्या पलीकडे दिसणे अवघड असते. तेव्हा चांगल्या हेडलाइटवरही ताशी ८० हा वेग डिपरवर झेपणारा नाही. आणि हेडलाइटचा एक तृतीयांश उजेड तारेतच हरवत असेल, तर ताशी ५० वरही प्रश्न उभा राहतो.

सगळे हॅलोजन बल्ब सारखेच नसतात का?

भारतातील हॅलोजन हेडलाइटच्या दुचाकींमध्ये प्रामुख्याने दोन बल्ब आढळतात. कम्यूटर गाड्यांमध्ये एचएस-१ हा ३५/३५ वॉटचा, तर जुन्या रॉयल एन्फिल्डसारख्या मोठ्या गाड्यांमध्ये एच-४ हा ६०/५५ वॉटचा. यातला पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच वापरला जातो आणि झोत खाली, रस्त्यावर पडतो. ही वाटी लक्षात ठेवायला हवी. एलईडीच्या वेळी तिची गरज पडेल.

प्रमाणित चाचणीत १३.२ व्होल्टवर एच-४ बल्ब अप्परला १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन प्रकाश देतो. एचएस-१ चे आकडे ८२५ आणि ५२५. म्हणजे निम्मेच. हे पाहून अनेक जण एचएस-१ च्या जागी एच-४ बसवू पाहतात. दोन्ही बल्ब वरवर जुळे भाऊ वाटले तरी ते एकमेकांच्या जागी बसू नयेत म्हणून त्यांच्या कड्याचे कान वेगळे ठेवलेले आहेत. कानस घेऊन हे कान घासून बल्ब बसवणारेही भेटतात. पण ३५ वॉटसाठी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या डोमला ६० वॉटची उष्णता सहन होईलच असे नाही. रिफ्लेक्टरची चकाकी उडाली किंवा डोम वाकला की नवा बल्ब जुन्यापेक्षाही कमी उजेड पाडतो.

उजेड नेमका कुठे हरवतो?

हॅलोजन बल्बचा एक गुणधर्म फारसा सांगितला जात नाही. त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तर साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. सोप्या भाषेत, १३.२ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले, म्हणजे व्होल्टेज ९ टक्क्यांनी घटले, की प्रकाश जवळपास २८ टक्क्यांनी घटतो. डिपरचे १००० ल्युमेन ७२० वर येतात. ११.५ व्होल्टवर ते ६२५ च्या आसपास उरतात. म्हणजे पैसे मोजले एच-४ चे आणि उजेड मिळाला जेमतेम एचएस-१ च्या वरचा. शिवाय व्होल्टेज कमी झाले की प्रकाश पिवळसर होतो. ‘लाइट पिवळी पडते’ ही तक्रार म्हणजे कमी व्होल्टेजची साधी खूण.

व्होल्टेज जाते कुठे? बऱ्याच दुचाकींमध्ये हेडलाइटचा संपूर्ण करंट बॅटरीपासून फ्यूज, इग्निशन स्विच, हँडलवरचा अप्पर-डिपर स्विच, दोन-तीन कपलर असा प्रवास करून बल्बपर्यंत येतो आणि बारीक तारेतून अर्थला परततो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ३७ मिलिओहम असतो. जाऊन-येऊन चार मीटर तार आणि ५ अँपिअर करंट धरला तर निव्वळ तारेत पाऊण व्होल्ट खर्च होतो. त्यात पावसाळ्यात हिरवट पडलेल्या कपलरच्या पिना, काळवंडलेले स्विचचे कॉन्टॅक्ट आणि गंजलेल्या बोल्टखालचे अर्थिंग यांची भर पडली की दीड-दोन व्होल्टची तूट सहज होते.

ही तूट मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. त्यावर डीसी २० व्होल्टची रेंज निवडायची. गाडी मधल्या रेसवर चालू ठेवून डिपर लावायचा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजायचे. चार्जिंग ठीक असेल तर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसतात. मग होल्डर बल्बला लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने पिनांवर मोजायचे. होल्डर काढून मोजले तर करंटच वाहत नसल्याने तूट दिसत नाही आणि सारे आलबेल वाटते. ही चूक गॅरेजमध्येही सर्रास होते. दोन आकड्यांतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला हात लावायची गरज नाही. एक व्होल्टच्या पुढे असेल तर नवा बल्ब घेण्याआधी वायरिंग पाहायला हवे.

दोष कोणत्या बाजूला आहे हेही याच मीटरवर कळते. एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे बल्बच्या चालू पिनेवर ठेवले की प्लस बाजूची तूट दिसते. बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थची पिन यांच्यात मोजले की अर्थची. अर्थमध्येच पाऊण व्होल्ट सापडला तर एक बोल्ट काढून, पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट करण्याने काम भागू शकते. खर्च शून्य. असा उपाय कोणी सुचवत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नसते.

रिले लावल्याने काय होते?

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर ज्यांनी पाहिला आहे त्यांना रिले वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हिरवे बटण दाबले की बटणातून किरकोळ करंट कॉइलला जातो, कॉइल खटका ओढते आणि मोटारीचा खरा भार त्या खटक्यातून वाहतो. हेडलाइटचा रिले हेच काम १२ व्होल्टवर करतो. हँडलच्या स्विचमधून आता ५ अँपिअरऐवजी रिलेच्या कॉइलचा पाव अँपिअरहूनही कमी करंट जातो. बल्बचा करंट मात्र बॅटरीतून जाड तारेने, फ्यूजमार्गे थेट येतो.

रिलेवर चार आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीची प्लस तार येते, ८७ वरून बल्बकडे तार जाते, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोके. गाडीच्या मूळ होल्डरमधली तार कॉइलला जोडायची. अप्परसाठी एक आणि डिपरसाठी एक असे दोन रिले लागतात. बाजारात मिळणाऱ्या तयार किटमध्ये एका बाजूला मूळ होल्डरमध्ये बसणारी नर पिन आणि दुसऱ्या बाजूला बल्बचा नवा होल्डर असतो. त्यामुळे मूळ वायरिंग कुठेही कापावे लागत नाही. किट निवडताना हाच निकष महत्त्वाचा. वायरिंग कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकते. वॉरंटीतल्या गाडीत ती केली तर वॉरंटीही अडचणीत येते.

तारेची जाडी २.५ चौरस मिलिमीटर असावी. तिचा रोध मीटरला सुमारे ७ मिलिओहम, म्हणजे मूळ तारेच्या पाचवा हिस्सा. स्वस्त किटमध्ये वरचे प्लॅस्टिक जाड आणि आत तांबे बारीक असते, म्हणून टोक सोलून पाहिलेले बरे. फ्यूज १५ अँपिअरचा आणि बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात हवा. तो रिलेजवळ बसवला आणि मधल्या तारेचे आवरण टाकीखाली घासून उघडे पडले, तर बॅटरीचा सगळा करंट त्या तारेतून फ्रेममध्ये जाईल आणि फ्यूज नुसता पाहत राहील. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना हे पाहावे. रिले पिना खाली करून बसवावा, म्हणजे वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याचे पाणी आत साचत नाही. अर्थची तारही तितकीच जाड आणि थेट बॅटरीच्या मायनसवर न्यावी. प्लसची तार जाड करून अर्थ जुनाच ठेवला तर अर्धेच काम झाले.

एवढे करून मूळ ६०/५५ किंवा ३५/३५ वॉटचाच बल्ब ठेवला तरी फरक डोळ्यांना कळतो. व्होल्टेज वाढल्याने बल्बचे आयुष्य काहीसे कमी होते, हे मान्य करूनच हा सौदा करायचा.

मग शंभर-नव्वदचा बल्ब टाकायला हरकत काय?

हरकत तीन ठिकाणी आहे. पहिली वायरिंगची. समजा, बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत आणि मूळ वायरिंग ५५ वॉटच्या डिपरवर दीड व्होल्ट खाते. त्याच वायरिंगवर ९० वॉटचा डिपर लावला की करंट ७ अँपिअरच्या पुढे जातो आणि तूट २.४ व्होल्टवर पोहोचते. बल्बला मिळतात ११.४ व्होल्ट. तारेत आणि कपलरमध्ये निर्माण होणारी उष्णता ७ वॉटवरून १७ वॉटवर जाते. छोटे सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते, यावरून अंदाज यावा. ही उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही. ती सर्वांत सैल पिनेवर एकवटते. होल्डर तपकिरी होतो, मग मऊ पडतो आणि एखाद्या रात्री घाटातल्या वळणावर दिवा जातो. रिले लावून हा धोका बराच टळतो. पण दुसरी हरकत राहतेच, ती चार्जिंगची.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना ‘ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन’ बंधनकारक आहे. इंजिन सुरू की दिवा सुरू. बंद करायचा स्विचच नाही. पूर्वी जास्त वॉटचा भार फक्त रात्री पडायचा, आता तो दिवसाही, सिग्नलवर गाडी आयडलिंगला असतानाही पडतो. मॅग्नेटची कॉइल तेवढी वीज देऊ शकली नाही की उरलेली बॅटरीतून जाते. १०० वॉटचा अप्पर ८ अँपिअरच्या वर करंट घेतो. छोट्या कम्यूटर गाडीची ३ अँपिअर-अवरची बॅटरी एकटीने हा भार कागदावरही २० मिनिटांच्या वर पेलणार नाही. डिपर लावून नेहमीच्या वेगाच्या रेसवर बॅटरीवर १३ व्होल्टही दिसत नसतील, तर त्या गाडीत वाढीव वॉटसाठी जागा नाही.

तिसरी हरकत समोरच्या माणसाची. अशा बल्बच्या खोक्यावर बऱ्याचदा बारीक अक्षरात ‘केवळ ऑफ-रोड वापरासाठी’ असे छापलेले असते. दुकानदार ते वाचून दाखवत नाही.

फिलिप्स, ऑस्रमसारख्या कंपन्यांचे मूळ वॉटमध्येच ‘अधिक प्रकाश’ देणारे बल्बही मिळतात. त्यांच्यावरची शंभर-सव्वाशे टक्क्यांची आकडेवारी झोतातल्या ठरावीक बिंदूंपुरती असते, एकूण प्रकाश तेवढा वाढत नाही. तरीही फिलामेंट अधिक नेमके आणि घट्ट असल्याने झोत लांब जातो. त्या बदल्यात आयुष्य कमी. निळसर काचेचे बल्ब मात्र टाळावेत. निळा थर प्रकाशाचा काही भाग गाळून टाकतो. गाडी रुबाबदार दिसते, रस्ता दिसत नाही. कोणताही हॅलोजन बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. त्वचेचे तेल तापून काचेवर एकाच जागी उष्णता वाढते आणि बल्ब अकाली फुटतो.

जुन्या गाड्यांचे काय?

२०१७ च्या आधीच्या अनेक कम्यूटर बाइक आणि स्कूटरमध्ये हेडलाइट बॅटरीवर चालतच नाही. मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसी करंटवर तो थेट चालतो. रेस वाढवली की लख्ख, खड्ड्यासमोर वेग कमी केला की मिणमिणता. नेमका उजेड हवा तेव्हाच तो नाहीसा. या गाड्यांना वर सांगितलेले रिले किट तसेच जोडता येत नाही. एसीवर रिलेचा खटका थरथरतो. शिवाय बॅटरीला मिळणारे चार्जिंग इंडिकेटर आणि हॉर्नपुरतेच आखलेले असते. अशा गाडीत आधी कॉइलचे अर्थला जोडलेले टोक सोडवून फुल वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवावा लागतो; गॅरेजवाले याला ‘डीसी करणे’ म्हणतात. हे काम मॅग्नेट कव्हर उघडण्याचे आहे, पुरेशा क्षमतेची बॅटरी मागणारे आहे आणि घरच्या घरी करण्यासारखे नाही. डीसी न करता थेट बॅटरीवर हेडलाइट जोडून देणारे भेटतात. त्यांच्याकडून परतताना किकची सवय ठेवावी.

एलईडी बल्ब हा सोपा मार्ग नाही का?

विजेच्या हिशेबात एलईडी सरस आहे, यात वाद नाही. कमी वॉटमध्ये जास्त प्रकाश मिळतो, चार्जिंगवर ताण नाही, होल्डर वितळत नाही. अडचण भूमितीची आहे. हॅलोजनसाठी बनवलेला रिफ्लेक्टर फिलामेंटची जागा मिलिमीटरच्या अचूकतेने गृहीत धरतो. एलईडी बल्बमध्ये प्रकाश सळईच्या दोन सपाट बाजूंवरच्या चिप्समधून निघतो. चिपची जागा थोडी चुकली किंवा डिपरच्या चिपखालची वाटी नीट बनवलेली नसली, की खाली पडायचा प्रकाश वर उधळतो. चालवणाऱ्याला गाडीसमोरचे दहा-पंधरा मीटर लखलखीत दिसतात, म्हणून तो खूश असतो. पण जवळचा भाग असा उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. समोरून येणाऱ्याला दिसतो फक्त पांढरा गोळा.

पावसात हे जास्त जाणवते. ओल्या डांबरावरून प्रकाश पुढे घसरतो, मागे चालकाच्या डोळ्यापर्यंत थोडाच परततो. धुक्यात किंवा पावसात वर उधळलेला प्रकाश थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. ताम्हिणी किंवा आंबोली घाटात जुलैमध्ये ६००० केल्विनचा पांढराशुभ्र झोत आणि ३२०० केल्विनच्या आसपासचा पिवळसर हॅलोजन यांत पारडे कुठे झुकते, हे तिथून नियमित जाणारे सांगतात. स्वस्त एलईडीचा आणखी एक दोष म्हणजे उष्णता. मागचा छोटा पंखा धूळ-पाण्याने बंद पडला की बल्ब तापतो आणि उजेड उतरतो. दुकानात दोन मिनिटे लावून पाहिलेला उजेड तासाभरानंतर तेवढाच राहील, याची खात्री नसते.

ज्या गाड्यांना कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट येतो, त्यांचा रिफ्लेक्टर किंवा प्रोजेक्टर त्या चिपसाठीच आखलेला असतो. तिथे ही तक्रार गैरलागू आहे. मात्र तिथे बल्बही बदलता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ झोताविषयी आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि रस्त्यापासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला झोत दिपवणार नाही, अशी त्याची रचना हवी. मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रिले बसवून मूळ वॉटचाच बल्ब ठेवल्यास दिव्याचा वॉट आणि झोताची रचना बदलत नाही. १००/९० बाबत तसे म्हणता येत नाही.

फोकस घरी कसा तपासायचा?

बल्ब काढला-बसवला की फोकस हलतो. एकही रुपया खर्च करण्याआधीही हीच तपासणी करावी, कारण अनेक गाड्यांचा डिपर एखाद्या पडझडीनंतर आकाशाकडे किंवा चाकासमोर वळलेला असतो. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करायची. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि चालवणारा सीटवर बसलेला. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ मारायची. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली दिसायला हवी. भारतासाठीच्या असममित डोममध्ये ही कड डावीकडे थोडी वर चढते, कारण आपण डावीकडून चालतो. ती उजवीकडे चढत असेल तर डोम किंवा बल्ब उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा आहे आणि तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. असा माल परत करावा. मागे रोज कोणी बसत असेल तर त्यांनाही बसवूनच हे माप घ्यावे. मागचा भार वाढला की गाडीचे तोंड वर होते आणि एकट्याने बसून जुळवलेला फोकस रेघेच्या वर सरकतो.